गॅस जातो कुठे? ट्रकचा कंडेन्सर बदलताना

“मागच्या उन्हाळ्यात गॅस भरला होता, यंदा पुन्हा कसा संपला?” एसीच्या कामासाठी ट्रक गॅरेजला लावला की हा प्रश्न हमखास निघतो. मालक विचारतो, ड्रायव्हरही विचारतो. त्यामागे एक समजूत असते. डिझेल जळून संपते, तसा एसीचा गॅसही वापरून संपतो, आणि म्हणून तो दर वर्षी भरायचा असतो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी खूप पैसा हवेत जातो. अगदी शब्दशः.

या प्रश्नाचे नीट उत्तर आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या ट्रकांच्या केबिनला एसी बंधनकारक केला. एन-२ म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांपेक्षा जास्त आणि बारा टनांपर्यंत. एन-३ म्हणजे त्याहून जड. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि इंजिनाच्या डोक्यावर बसून ड्रायव्हर दहा-दहा तास गाडी चालवतो. त्याच्यासाठी हा नियम फार उशिरा आला असे माझे मत आहे. पण आता एसी आला, म्हणजे त्याचे बिघाडही येणार, आणि त्यातला नेहमीचा बिघाड कंडेन्सरचा असणार.

१. गॅस जळत नाही, फिरतो

रहाट आठवा. रिकामी गाडगी विहिरीत उतरतात, भरून वर येतात, पन्हाळीत पाणी ओततात आणि पुन्हा खाली जातात. पाणी शेतात जाते. गाडगी माळेतच राहतात. ट्रकच्या एसीत केबिन ही विहीर आणि तिच्यातली उष्णता हे पाणी. गॅस म्हणजे गाडगी. माळ ओढणारा बैल म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गाडगी भरतात, आणि ट्रकच्या पुढच्या भागातल्या जाळीदार कंडेन्सरमध्ये ती रिकामी होतात.

थोडा हिशोब करू. उष्णता मोजण्याचे एक माप किलोज्यूल. पाव लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतो. समजा, केबिनमधून दर सेकंदाला चार किलोज्यूल उष्णता उपसायची आहे. ट्रकमध्ये सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस एका फेरीत, किलोमागे, सुमारे १३० किलोज्यूल उचलतो. चाराला १३०ने भागले की सेकंदाला सुमारे ३१ ग्रॅम येतात, म्हणजे मिनिटाला पावणेदोन किलोंहून थोडे जास्त. यंत्रणेत एकूण किलोभर गॅस असेल, तर तोच गॅस मिनिटाला जवळजवळ दोन फेऱ्या मारतो. आठ तासांच्या पाळीत नऊशेच्या आसपास फेऱ्या होतात आणि शेवटच्या फेरीलाही तो किलोभरच असतो.

तेव्हा गॅस कमी झाला, तर तो कुठून तरी निसटला. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर आणि मोटर एकाच बंद डब्यात असतात, त्यामुळे तो वर्षानुवर्षे गॅस मागत नाही. ट्रकमध्ये मात्र कॉम्प्रेसरचा दांडा सीलमधून बाहेर येतो आणि नळ्यांत रबरी होज असतात, म्हणून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपणे स्वाभाविक आहे. एका उन्हाळ्यात सगळा गॅस जाणे स्वाभाविक नाही. ते भोक आहे.

२. दाब आणि उकळणे

केबिन बाहेरच्यापेक्षा थंड असते. मग उष्णता थंड जागेतून गरम जागेकडे जाते कशी? उतार तर उलटा आहे. या कोड्याची किल्ली दाबात आहे.

समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असल्यामुळे ते ९५-९६ अंशांनाच उकळते. बंद कुकरमध्ये दाब वाढतो आणि तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. द्रव तोच, पण दाब बदलला की उकळबिंदू सरकतो.

आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. एसीच्या गेजवर २८ पीएसआय दाब असेल तर तो शून्य अंशाजवळ उकळतो. १७७ला ५० अंशांवर, २२९ला ६० अंशांवर, २९२ला ७० अंशांवर. कूलिंग कॉइलमध्ये दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे गॅसचा द्रव तिथे थंड असतानाच उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो. दाब वाढतो, तापमानही वाढते. बाहेर ४२ अंश असले तरी कंडेन्सरमधला गॅस साठीच्या घरात असतो, म्हणून आता उष्णता सरळ उताराने बाहेरच्या हवेत जाते. उष्णता गेली की वाफेचा पुन्हा द्रव होतो. तो ड्रायर बॉटलमधून एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे जातो, व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रापलीकडे दाब एकदम पडतो आणि नवी फेरी सुरू होते.

कंडेन्सरला केबिनची उष्णता तर टाकावी लागतेच, कॉम्प्रेसरने दाबताना घातलेली ऊर्जाही टाकावी लागते. वरच्या उदाहरणात केबिनमधून चार आणि कॉम्प्रेसरकडून दीड-दोन, म्हणजे सेकंदाला सहा किलोज्यूलपर्यंत. ती गेली नाही, तर आत थंडावा येणार नाही. पन्हाळच तुंबली तर विहीर उपसणार कशी?

३. सगळ्यात पुढची, सगळ्यात वाईट जागा

बहुतेक ट्रकांत पुढच्या जाळीमागे आधी कंडेन्सर, त्याच्या मागे इंटरकूलर आणि मग रेडिएटर असा थर असतो. काही गाड्यांत तो टपावर किंवा केबिनच्या मागे वेगळ्या पंख्यासह बसवतात, पण पुढची जागा नेहमीची. ताजी, न तापलेली हवा पहिल्यांदा तिथेच मिळते. खडे, चिखल आणि कीटकही पहिल्यांदा तिथेच लागतात.

आजचे कंडेन्सर ॲल्युमिनियमचे असतात. चपट्या पट्टीसारख्या नळ्या, प्रत्येकीत केसासारखे बारीक मार्ग, आणि दोन नळ्यांच्या मध्ये नागमोडी फिनची पातळ झालर. उष्णता टाकायला ही रचना उत्तम आणि मार खायला अगदी नाजूक. कोळशाच्या खाणीवर फिरणाऱ्या टिपरच्या फिनमध्ये काळी भुकटी बसते. उसाच्या हंगामात पाचटाचा भुसा अडकतो. उरण-न्हावा शेवा भागात रोज ये-जा करणाऱ्या ट्रेलरला खारी हवा लागते, आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. खडबडीत रस्त्यावर केबिन आणि चेसिस वेगवेगळे हलतात, त्याचा ताण नळीच्या सांध्यावर येतो. यात भर म्हणजे वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा. जवळून तिरका मारला की फिन आडव्या पडतात आणि हवा बंद होते. तेवढ्यावर लोक कंडेन्सर खराब झाल्याचे ठरवून मोकळे होतात.

४. बदलण्याआधी तीन प्रश्न

कंडेन्सर बदलायचा निर्णय घाईने घेऊ नये. तो बाहेरून तुंबला आहे, आतून तुंबला आहे की गळतो आहे? तिन्हीचा परिणाम केबिनमध्ये सारखाच वाटतो, इलाज मात्र वेगळा.

बाहेरून तुंबला असेल तर गाडी चालू असताना थोडी थंडी लागते आणि सिग्नलला किंवा घाटात रांगेत उभी राहिली की गरम हवा येऊ लागते. गेजवर वरच्या बाजूचा दाब चढलेला दिसतो. हवा पुरेशी न मिळाल्यामुळे ६० अंशांना होणारे द्रवीकरण ७० अंशांपर्यंत ढकलले गेले, म्हणजे दाब २२९ वरून २९२ वर गेला. कॉम्प्रेसर तेवढाच जास्त राबतो, डिझेल जास्त जाते, आणि मर्यादा ओलांडली की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. इथे नवा कंडेन्सर नको. कमी दाबाचे पाणी, शक्य असेल तिथे आतून बाहेरच्या दिशेने, आणि आडव्या फिन सरळ करायची कंगवी पुरते. कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीत कचऱ्याची गादी साचलेली असते, ती समोरून पाहून दिसत नाही. पंख्याचा क्लच नीट पकडतो का, हेही याच वेळी पाहावे.

गळतीची खूण वेगळी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. भोकातून गॅस निघतो तेव्हा तेल बाहेर येऊन तिथेच बसते आणि त्यावर धूळ चिकटते. कंडेन्सरवर तेलकट काळा डाग दिसला की तिथे साबणाचे पाणी लावा, बुडबुडे येतील. गळती बारीक असेल तर इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर किंवा निळ्या दिव्यात चमकणारा रंग लागतो.

आतून तुंबणे बहुधा कॉम्प्रेसर मोडल्यानंतर होते. धातूचा चुरा आणि काळा गाळ गॅसबरोबर येऊन त्या बारीक मार्गांत बसतो. जुन्या, गोल नळीच्या कंडेन्सरमधून तो धुऊन काढता येत असे. चपट्या नळीत ते जमत नाही, कारण द्रव मोकळ्या मार्गाने निघून जातो आणि बुजलेला मार्ग बुजलेलाच राहतो. मोडलेला कॉम्प्रेसर बदलून जुना कंडेन्सर ठेवला, तर नव्या कॉम्प्रेसरच्या पोटात तोच चुरा जातो. पैसे वाचवण्याची ही सगळ्यात महाग रीत आहे.

भोक वेल्डिंगने बुजवता येत नाही का? जाड नळीला कधी कधी येते. खारी हवा लागलेल्या पातळ नळीत एक भोक दिसते तेव्हा शेजारी दहा तयार होत असतात, शिवाय हादरे आहेतच. अशा कंडेन्सरवर पुन्हा गॅस भरणे मला पटत नाही.

५. काम: खोलण्यापासून बसवण्यापर्यंत

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, बॅटरी सुटी. कामाची पहिली पायरी पाना नव्हे. गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेणे ही ती पायरी. कित्येक ठिकाणी नट ढिला करून गॅस सोडून देतात. आर-१३४एमध्ये क्लोरीन नसल्यामुळे तो ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट मानला जातो. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे किलोभर गॅस सोडणे हे सुमारे ५३० लिटर डिझेल जाळण्याइतके. लिटरला चार किलोमीटर धावणाऱ्या ट्रकचा तो २,१०० किलोमीटरचा धूर, नट ढिला करण्याच्या एका मिनिटात. याच कारणासाठी २०१६च्या किगाली करारात या कुळातले वायू कमी करण्याचे ठरले आणि भारतानेही ते मान्य केले आहे.

माणसाच्या दृष्टीनेही सोडलेला गॅस वाईट. अंगावर आलेला द्रव क्षणात उकळतो आणि कातडी गोठवतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. तो हवेपेक्षा जड असल्याने सर्व्हिस पिटमध्ये साचतो आणि श्वासाची हवा हटवतो. आगीच्या संपर्कात त्याचे विषारी वायू होतात.

दाब शून्यावर आला की पुढची जाळी किंवा फ्लॅप काढायचा. गाडीच्या मॉडेलप्रमाणे बंपर उतरवावा लागतो किंवा केबिन उचलावी लागते. नळीचा नट सोडताना दोन पाने लावायचे, एकाने फिटिंग धरायचे आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर ॲल्युमिनियमची नळी पिळली जाते, आणि कंडेन्सरच्या कामातून होजचे काम निघते. नळ्या सुटताक्षणी त्यांच्या तोंडांना टोप्या लावायच्या. उघडे तोंड हवेतली दमट वाफ ओढत राहते. चिपळूण-महाडकडे पावसाळ्यात हे काम करताना तर एक तासही उघडे ठेवू नये.

जुना कंडेन्सर उतरल्यावर त्यातले तेल मापात ओतून पाहायचे. तेवढेच ताजे तेल, किंवा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये कंडेन्सर बदलासाठी लिहिलेले प्रमाण, नव्यात घालायचे. तेल कमी झाले तर कॉम्प्रेसर घासतो. जास्त झाले तर ते नळ्यांच्या आत थर धरून उष्णता अडवते. तेलाचा प्रकार कॉम्प्रेसर ठरवतो. हे तेल ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून महिनाभर उघडा पडलेला डबा स्वस्त असला तरी वापरू नये.

नवा कंडेन्सर बसवताना रबरी बुश नवे घ्यावेत, आणि कडेच्या फोमच्या पट्ट्या टाकून देऊ नयेत. त्या पट्ट्या नसल्या तर रेडिएटरमागची तापलेली हवा कडेने वळून पुन्हा समोर येते आणि नवा कोरा कंडेन्सरही गुदमरतो. “कंडेन्सर बदलूनही फरक नाही” या तक्रारीमागे मी ही पट्टी अनेकदा पाहिली आहे. सांध्यातल्या ओ-रिंग नव्या, आर-१३४एसाठी असलेल्या, एसीच्या तेलाचे बोट लावून बसवायच्या. ड्रायर बॉटल सगळ्यात शेवटी. तिच्यातले दाणे ओलावा शोषण्यासाठीच आहेत, त्यामुळे टोपी काढून ती बाकावर ठेवली तर ते दाणे गॅरेजचीच हवा सुकवत बसतात. यंत्रणा उघडली की ड्रायर बदलायचा, ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

६. हवा आणि पाणी बाहेर

आता यंत्रणेत हवा आहे. हवेचा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही. ती वरच्या भागात अडून बसते, जागा खाते आणि दाब चढवते. हवेबरोबर आलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होऊन वाट अडवते, आणि तेल-गॅसबरोबर आम्ल तयार करून धातू खाते.

आधी कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन सांधे तपासायचे. इथे एक धोका ठळकपणे सांगतो: वेल्डिंगचा ऑक्सिजन यासाठी कधीही वापरू नये, दाबाखाली तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. टायरची हवाही नको, कारण हवेत मिसळलेला आर-१३४ए दाबाखाली पेट घेऊ शकतो.

मग व्हॅक्यूम. महाबळेश्वरचा धडा इथे परत कामी येतो. दाब कमी करत गेलो की पाणी कमी तापमानाला उकळते; हवेच्या दाबाच्या सुमारे बत्तिसाव्या भागापर्यंत उतरलो की ते २५ अंशांनाच उकळून वाफ होते आणि पंप ती ओढून घेतो. काटा खाली गेला म्हणजे काम झाले असे नाही, कारण पाणी उकळायला वेळ लागतो. पंप किमान अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचा, मग व्हॉल्व्ह बंद करून पंधरा मिनिटे काट्याकडे पाहायचे. काटा वर सरकला, तर एक तर गळती आहे किंवा पाणी उरले आहे. घाईच्या गॅरेजात ही पायरी दहा मिनिटांत उरकतात. पुढच्या उन्हाळ्याची तक्रार तिथेच पेरली जाते.

७. गॅस वजनावर भरा, अंदाजावर नाही

बंद एसीचे गेज पाहून “गॅस बरोबर आहे” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चुकतात, आणि का चुकतात हे आता आपल्याला समजू शकते. द्रव आणि वाफ एकत्र असतात तेव्हा दाब तापमानावर ठरतो. बाहेर ३० अंश असतील तर गेज ९७ पीएसआयच्या आसपास दाखवेल, आत १,००० ग्रॅम असो वा ४००. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही.

म्हणून काटा वजनाचा हवा. केबिनजवळच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये गॅसचे वजन ग्रॅममध्ये दिलेले असते. तेवढेच, तराजूवर मोजून भरायचे. कमी भरला तर कूलिंग कॉइल अर्धीच काम करते. जास्त भरला तर कंडेन्सरच्या खालच्या नळ्या द्रवाने भरून राहतात आणि वाफेला गार व्हायला जागाच कमी पडते. इंजिन चालू असताना वरच्या दाबाच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, कारण दाब उलटा गॅसच्या कॅनमध्ये जाऊन कॅन फुटू शकतो.

गॅसचे सिलिंडर खात्रीच्या ठिकाणचे घ्या. २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या काही रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट झाले आणि कामगार दगावले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. ते ॲल्युमिनियमशी मिळून असे संयुग बनवते, जे हवा लागताच पेटते. ट्रकचा कंडेन्सर ॲल्युमिनियमचाच आहे, हे ध्यानात घ्या.

८. चाचणी आणि बिल

इंजिन दीड हजार फेऱ्यांवर, ब्लोअर पूर्ण, थर्मामीटर मधल्या जाळीत. कोरड्या हवेत बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश थंड हवा आली म्हणजे ठीक. कोकणात आकडा थोडा कमी भरेल, कारण तिथे कॉइलला हवेतली वाफ गाळून पाणी करण्यातही ताकद घालवावी लागते. केबिनखालून पाणी टपकताना दिसले तर घाबरू नये. दोन्ही गेजचे आकडे आणि त्या वेळचे बाहेरचे तापमान कागदावर लिहून गाडीतच ठेवावे. पुढच्या वर्षी तक्रार आली तर तुलनेला आधार मिळतो.

बिलावर कंडेन्सरखाली ड्रायर, ओ-रिंग, तेल किती मिली, व्हॅक्यूम किती वेळ आणि गॅस किती ग्रॅम, एवढे लिहिलेले असावे. यातले ग्रॅम लिहिलेले नसतील तर विचारावे, आणि जुना गॅस किती निघाला तेही विचारावे. पट्टीवर १,००० ग्रॅम असताना मशीनने ३५० ग्रॅमच ओढले असतील, तर बाकीचे ६५० कुठून गेले, याचे उत्तर जुन्या कंडेन्सरवरच्या तेलकट डागात मिळते का, ते गाडी घेण्याआधी तिथेच उभे राहून पाहावे. मिळाले नाही, तर होज आणि कॉम्प्रेसरचे सील तपासल्याशिवाय गाडी हलवू नये.